विहिरीचा पाणी

ग्रामसभेनं फळा आणला धानोऱ्याच्या बाजारातून,
दोनशे ऐंशीला, घासाघीस करून,
आणि चौकातल्या मोहाला तारेनं बांधला.
मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.
बारावी झालेली मी एकटीच.
"रैजी लिहील," गायता म्हणाला,
आणि तंबाखू मळू लागला, विषय संपल्यासारखा.

चार दिवस फळा काळाच राहिला.
लिहिलं नाही असं नाही.
पहाटे उठून लिहायचे,
उजाडायच्या आत ओढणीनं पुसायचे.
ओढणी पांढरी झाली, फळा नाही.

आमच्या बोलीत पुरुष तेवढे वेगळे,
बाकी सगळी दुनिया एका खाटेवर:
आई, कोंबडी, पाऊस, विहीर, पाणी,
कोर, पिर, येर,
सगळ्यांना एकच 'अद', कोणी तक्रार करत नाही.
मराठीत मात्र एकेका वस्तूला अडवून विचारायचं,
तू तो, ती, की ते?
वाट ती, रस्ता तो,
आणि दोन्हींवरून तीच बकरी जाते.

सहाव्या वर्षापासून विचारते आहे.
अजून काही वस्तू खोटं सांगतात.

बाजारातला किराणावाला जन्माचा मराठी,
'पानी' म्हणतो, 'लोनी' म्हणतो,
त्याला कोणी टोकत नाही, ते त्याच्या आईचं आहे.
मी 'पानी' म्हटलं की वर्ग हसायचा.
त्यात किराणावाल्याचा पोरगाही हसायचा.

पाचव्या दिवशी आशाताई सायकलवर आली,
एक पाय जमिनीवर, एक पायडलवर:
विहिरीत पावडर टाकली आहे,
आज कोणी पिऊ नका, लिही लवकर.
आणि गेली पुढच्या टोल्यावर.

मी खडू घेतला.
विहिरीचा? विहिरीची? विहिरीचे?
पिऊ की पिवू?
डोक्यात लाल पेन टोपण काढून बसलेला.
लिहिलं, पुसलं.
परत लिहिलं, पुसलं.
घरी जाऊन जुनं पुस्तक बघून यावं, वाटलं.
तेवढ्यात उतारावर हंडा वाजला.
कोलूचा मासू, तिसरीतला,
हंडा ढोलासारखा बडवत
विहिरीकडं निघालेला.

आज विहिरीचा पाणी पिवू नका.

एवढं मोठं लिहिलं
की 'नका'ला जागा उरली नाही,
तो कोपऱ्यातून खाली घसरला.

मासू थांबला. बोट हवेत धरून वाचलं,
वि, हि, री, चा, पा, णी.
मग हंडा पालथा घातला आणि त्यावर बसला.
मागून येणाऱ्या बायांना
त्यानं तेच आमच्या बोलीत सांगितलं.
त्यात एकही चूक नव्हती.
बाया परतल्या, नाल्याच्या झऱ्याकडं वळल्या.

संध्याकाळी बोरकुटे मास्तर आले.
चष्मा वर केला. खडू उचलला.
माझ्या पोटात जुना गोळा.
'चा' पुसला त्यांनी बोटानं,
आणि हात तिथंच राहिला.
"पुस्तकात 'चे'," ते स्वतःशीच म्हणाले,
"घरी आम्ही 'चं' म्हणतो."
थोडा वेळ उभे राहिले, खडू तसाच.
मग मला विचारलं,
"आता चालते का पानी?"
उद्यापासून, मी म्हटलं.
खडू मला देऊन ते गेले.
रात्रभर त्या जागी काहीच नव्हतं,
विहिरी आणि पाणी यांच्यामध्ये
बोटाएवढा काळोख.

दुसऱ्या दिवशी मी तेंदूच्या पुड्यांचा भाव लिहिला.
त्याखाली, एका दमात:
सोमजीची लाल बैल हरवली आहे.
पिंपळाकडून कोणीतरी ओरडलं,
"बैल हरवली? गाय झाली काय गा त्याची?"
सगळे हसले. सोमजी हसला नाही, त्याचा बैल होता.
मीही हसले, जरा उशिरा.

अंधार पडता पडता बैल मिळाला,
कोसमाच्या पलीकडं, शिंगाला वेल गुंडाळलेला.
मी वरची ओळ पुसली नाही.
तिच्या शेजारी लिहिलं,
सापडला.